टाकलेल्यांचं आडनाव

इंग्लंडात चुकून तुमचा पाय समोरच्याच्या पायावर पडला, तर तोच तुम्हाला सॉरी म्हणतो. मिस्टर एस्पोसितोंनी मला तीन वर्षांत एकदाही सॉरी म्हटलं नाही. पहिल्याच बुधवारी त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र दोन बोटांनी उचलून नाकाजवळ नेलं.

“प्रज्ञा रामटेके. रामटेके म्हणजे काय? गाव, धंदा, बापाचं नाव, की शिवी?”

“गाव,” मी म्हटलं. “नागपूरजवळचं.”

“बरं. जगातलं प्रत्येक आडनाव या चारांत बसतं. बाकीच्या गोष्टी लोक पोट भरल्यावर रचतात.”

साउथहॅम्प्टनच्या ज्या लायब्ररीत मी कामाला आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर वंशावळ शोधणाऱ्यांसाठी एक टेबल आहे. दर बुधवारी एस्पोसितो तिथे बसत, फुकट. ऐंशीला टेकलेले, बुटके, टायची गाठ गळ्यात रुतलेली. पेन्सिलींना टोक काढायचं ते चाकूनेच. लहानपणी आईबापांबरोबर नेपल्सहून इथे आले आणि सगळी नोकरी बंदरात गेली, उतरलेला माल यादीशी ताडून पाहण्यात. “खोक्यावर लिहिलंय चहा आणि आत भंगार, हे मी रोज पाहिलंय,” ते म्हणत. “माणसं खोक्यांपेक्षा वाईट. खोकं निदान यादीवर चिडत नाही.”

बंदरातली एक पद्धत त्यांनी टेबलावरही चालू ठेवली होती. तिथे म्हणे एक जण मोठ्याने यादी वाचतो आणि दुसरा मालावर हात ठेवून ‘आहे’ म्हणतो. एकट्याने तपासलेला माल तपासलेला धरत नाहीत. त्यामुळे जुनी नोंद सापडली की ते मला हाक मारत. त्यांनी वाचायचं, मी त्या ओळीखाली बोट ठेवायचं आणि ‘आहे’ म्हणायचं. वंशावळ शोधायला आलेला माणूस समोर बसून हे सगळं ऐकत असे.

एकदा मोत्यांचे डूल घातलेल्या एक बाई आल्या. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष नॉर्मन सरदार, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. एस्पोसितोंनी तीन बुधवार खपून त्यांच्या पणजोबांची जन्मनोंद काढली आणि खणखणीत आवाजात वाचली.

“जन्मस्थळ, गरीबखाना. आई, मोलकरीण. बाप…” इथे ते थांबले, माझं बोट ओळीखाली आलंय का ते पाहिलं. “बाप, रेघ.”

“आहे,” मी म्हटलं.

“ही रेघ म्हणजे तुमचा नॉर्मन सरदार, मॅडम. जरा बारीक दिसतोय.”

शेजारच्या कम्प्युटरवरचे दोघे हसले. बाई रडायला लागल्या. मी टिश्यूचा डबा पुढे केला, तर एस्पोसितो म्हणाले, “एकच घ्या. अजून दोन जण यायचेत.”

मला त्या बाईंची दया आली नाही. कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरातल्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. तिथे वडिलांच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. जातीविरुद्ध, कुळाच्या गर्वाविरुद्ध, देव्हाऱ्याविरुद्ध. शाळेत जायच्या आधी मी ती तीन घड्यांत दुमडायला शिकले होते. कुळाचा गर्व उतरवणारा माणूस मला आपलाच वाटणार, मग तो कसाही उतरवो.

आणि एस्पोसितो स्वतःला सोडत नव्हते. चहाच्या सुट्टीत, तोंडात बिस्किट असताना, त्यांनी मला त्यांचं आडनाव उलगडून सांगितलं.

“एस्पोसितो म्हणजे बाहेर ठेवलेला. टाकलेला. नेपल्सला अनाथालयाच्या भिंतीत एक भोक होतं आणि त्यात लाकडी पिंप. बाहेरून आईने पोर ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची, पळायचं. आतून ननने उचलायचं. तिथून आत आलेल्या पोराला आडनाव एकच. भोक लहान होतं, मोठी पोरं मावू नयेत म्हणून. तर आया मोठ्या पोरांना तेल चोपडून आत कोंबायच्या.” त्यांनी बिस्किट गिळलं. “काही आत पोचायची, काही मोडायची.”

पुढे कुठल्याशा राजाने हे आडनाव द्यायला बंदी केली. पोरांना जन्मभर डाग नको म्हणून. पण ज्यांना ते आधीच मिळालं होतं त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं झाली. “आज नेपल्सच्या बाजारात ‘एस्पोसितो’ अशी हाक मार, अर्धा बाजार वळून बघेल. दातांचे डॉक्टर, पोलीस, फुटबॉलवाले. कुणी कुणाचा नातेवाईक नाही. सगळ्यांचं मूळ एक भोक.”

इथल्याच एका पिझ्झावाल्या एस्पोसितोने मेन्यूवर ढालीवर उभा राहिलेला सिंह छापला होता. हे जाऊन त्याला भर दुपारच्या गर्दीत म्हणाले, “सिंह काढ, पिंप छाप.” त्याने यांना कॉलर धरून बाहेर घातलं. ती फाटकी कॉलर ते पुढच्या बुधवारी तशीच घालून आले होते.

मग एक दिवस माझी पाळी आली.

आयटीतल्या नोकरीसाठी पुण्याहून आलेले एक गृहस्थ प्रिंटआउट काढायला आमच्या मजल्यावर आले. ओळखपत्र पाहून खुलले.

“अरे वा, मराठी! रामटेके… म्हणजे मूळचे?”

“रामटेकचे.”

“हो हो, ते कळलं. पण म्हणजे… बाबा काय करायचे तिकडे? मंडळात दिसला नाहीत कधी गणपतीला. आमच्या नागपूरच्या ऑफिसात एक रामटेके होते. माणूस चांगला होता हं. तुम्ही त्यांतले का?”

‘त्यांतले’ म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला, आजाराचं नाव घेताना आणतात तसा.

“आम्ही रामटेकचे,” मी पुन्हा म्हटलं आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले. ते गेल्यावर एस्पोसितोंनी विचारलं, “काय शोधत होता तो?”

“आडनावावरून माझी जात.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“गाव.”

“म्हणजे लपलीस.”

“मला वाद घालायचा नव्हता.”

“त्या मोतीवाल्या बाईच्या रेघेखाली तुझं बोट किती झटकन आलं होतं, पोरी! स्वतःच्या ओळीखाली आणायची वेळ आली की तुला प्रिंटर आठवतो.”

मी टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. ते खरं बोलले होते. त्यांचा दुष्टपणा कधी चुकीच्या पत्त्यावर जात नाही, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. पुन्हा लपायचं नाही आणि कुणाला लपू द्यायचं नाही, असंही मी ठरवून टाकलं.

त्याच हिवाळ्यात ते एका बुधवारी उशिरा आले आणि कोट न काढताच म्हणाले, “बहीण मरतेय. तिला एक कागद हवाय.”

कार्मेला त्यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा यांना त्यांनीच वाढवलं. जन्मभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम केलं आणि आता त्याच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर हृदय थकून पडल्या होत्या. त्यांच्या गळ्यात लाल दोऱ्यात तांब्याचं अर्धं पदक होतं. त्याची रीत एस्पोसितोंनी मला सांगितली. पोर पिंपात ठेवणारी एखादी आई मेरीमातेचं पदक, वर तिचा चेहरा आणि खाली तिच्या पायांखाली साप असलेलं, कापून दोन तुकडे करायची. एक तुकडा पोराच्या गळ्यात, एक स्वतःकडे. दिवस पालटले की आपला तुकडा घेऊन यायचं, दोन्ही जुळवून दाखवायचे आणि पोर परत न्यायचं. पोर न्यायला कुणी आलं नाही, तर मोठं होऊन बाहेर पडताना त्याचा तुकडा त्याला देत. यांचे खापरपणजोबा जेन्नारो तसा तुकडा घेऊन बाहेर पडले, असं घरात सांगत आले होते.

“माझ्या बापाला त्या तुकड्याचा माज होता,” एस्पोसितो म्हणाले. “इथल्या इटालियन क्लबात प्रत्येक एस्पोसितोला तो दाखवायचा. म्हणायचा, तुम्हाला टाकलंय, आम्हाला ठेवलं होतं. आमची बाई परत येणार होती. जेवायला बसलं की रोज ते पदक बाहेर काढायचा. मी ताटाकडे बघत राहायचो. आयुष्यात एकदाही मी त्या वस्तूकडे पाहिलेलं नाही.” त्यांनी आता कोट काढला. “मला एका मुलीशी लग्न करायचं होतं. तीही एस्पोसितो. नात्यातली नव्हे, नुसतं आडनाव एक. बाप नाही म्हणाला. कारण काय? तिच्या घरात पदक नव्हतं.”

मी टेबलावर हात आपटला. “ही तर जातच झाली! टाकलेल्यांमध्येही वरचे-खालचे!”

“मग मी इतका वेळ काय सांगतोय?”

कार्मेलांनी त्यांना सांगितलं होतं, “तू सगळ्या गावाचे बाप शोधतोस. माझी ती बाई शोध. ती परत येणार होती एवढं कागदावर दाखव, म्हणजे मी सुखाने जाते.”

जेन्नारोच्या लग्नाच्या कागदावर तो अनाथालयात आल्याची तारीख होती. एस्पोसितोंनी ती तारीख आणि घरातल्या तुकड्याची हकिगत देऊन नेपल्सच्या दफ्तरखान्याला लिहिलं. तिकडून नोंदवहीच्या एका पानाचा फोटो आला. शाई पसरलेली, अक्षर कोळ्याच्या जाळ्यासारखं. ते वाचायला लागले आणि मी बोट पुढे केलं.

“जेन्नारो एस्पोसितो. मुलगा. वय अंदाजे दोन दिवस. फाटक्या कापडात गुंडाळलेला.” त्यांनी चष्मा वर केला. “खूण: काही नाही.”

“आहे,” मी म्हटलं.

म्हणजे पदक नंतर कुणीतरी बाजारातून आणून कापलं होतं. चार पिढ्यांचा माज एका खोट्यावर उभा होता. एस्पोसितोंचा चेहरा मी कधी इतका तरुण पाहिला नव्हता. मग त्यांनी, पहिल्यांदा आणि शेवटचं, मला माझं मत विचारलं.

“सांगायचं तिला?”

“सांगायचंच,” मी म्हटलं. “त्या तुकड्यापायी तुमच्या वडिलांनी तुमचं आयुष्य कापलं. मरणाऱ्या माणसालाही खरं कळायचा हक्क आहे.”

“कठोर आहेस.”

“तुमच्याकडूनच शिकले.”

ते खूष झाले आणि मीही झाले, हे इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉस्पिटलला गेलो. मी कशाला, तर पद्धत. कार्मेला उशांना टेकून बसल्या होत्या. हात धुऊन धुऊन कातडं कागदासारखं झालेलं. भावाच्या हातातला कागद पाहून त्यांनी घाईघाईने केसांवरून हात फिरवला, जणू कुणी पाहुणा येणार होता.

एस्पोसितोंनी आधी इटालियनमध्ये वाचलं, मग माझ्यासाठी इंग्लिशमध्ये. आवाज टेबलावरचाच, खणखणीत. पलीकडच्या बेडवरच्या बाईने टीव्हीचा आवाज कमी केला. “खूण: काही नाही,” ते म्हणाले. मी ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हटलं, “आहे.”

कार्मेला माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. मग भावाला इंग्लिशमध्ये, म्हणजे मलाही कळावं अशा बेताने, म्हणाल्या, “सात वर्षांचा होईपर्यंत तू अंथरूण ओलं करायचास. मी पहाटे उठून चादर धुवायचे. बाबांना एकदाही कळू दिलं नाही. माझं चुकलं.”

एस्पोसितो म्हणाले, “कार्मेला, कागद…”

“ऐकला.” त्यांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. केसांत अडकला, तो ओढून सोडवला आणि माझ्यापुढे धरला. “टाक.”

मी एस्पोसितोंकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. “सांगितलं ना तिने,” ते म्हणाले.

सिंकपाशी पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा होता. मी झाकण उघडलं, मूठ उघडली, झाकण पडू दिलं. एखाद्या घरातून देव्हारा उतरवताना वाटावं तसं मला वाटलं. कार्मेलांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या आणखी नऊ दिवस जगल्या. भावाला आत येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी नर्सला सांगून ठेवलं होतं. ते रोज जाऊन कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत व्हिजिटिंग अवर संपेपर्यंत बसत आणि परत येत. ही हकिगत चर्चच्या सगळ्या इटालियन मंडळींना कळली. अंत्यविधीच्या वेळी कुणी त्यांच्या बाकावर बसलं नाही. ते मला म्हणाले, “खरं बोलणाऱ्याला जागा ऐसपैस मिळते.” मी हसले.

दीड महिन्याने लायब्ररीच्या ईमेलवर नेपल्सहून पुन्हा पत्र आलं. दफ्तरखान्यातल्या बाईंनी लिहिलं होतं की तुम्ही मागितलेल्या तारखेची यादी पानाच्या मागच्या बाजूलाही चालू आहे. मागच्या वेळी ती बाजू पाठवायची राहिली. सोबत जोडली आहे. नेपल्सचा रक्षक संत जेन्नारो, त्यामुळे पोरांना ते नाव सर्रास देत आणि आडनाव तर सगळ्यांचं एकच. त्या दिवशी त्या पिंपातून दोन जेन्नारो एस्पोसितो आत आले होते.

टेबलाशी येणाऱ्या प्रत्येक नवख्याला एस्पोसितो पहिल्या दिवशी बजावत: पान उलटून बघा. आडनाव जितकं सर्रास, तितकी पानं जास्त उलटा. या वेळी त्यांनी स्वतः मागची बाजू मागवली नाही. मीही विचारलं नाही. आम्हाला जे हवं होतं ते पहिल्याच बाजूला मिळालं होतं.

बुधवारी त्यांनी ते पडद्यावर वाचलं. सवयीने मोठ्यानेच. “जेन्नारो एस्पोसितो. मुलगा. वय अंदाजे आठ दिवस. स्वच्छ कापडात. गळ्यात लाल दोरा, दोऱ्यात तांब्याचं अर्धं पदक. मेरीमातेचा चेहरा असलेला भाग.”

माझं बोट पडद्याजवळ होतं. मला ‘आहे’ म्हणता आलं नाही.

खाली त्या बाईंनी आणखी लिहिलं होतं: या दोघांपैकी तुमचा कोणता, हे नुसत्या कागदावरून ठरवता येणार नाही. पण घराण्यात तुकडा असल्याचं तुम्ही लिहिलं होतं. कृपया त्याचा फोटो पाठवा. त्यावर चेहरा असेल, तर दुसरा मुलगा तुमचा.

एस्पोसितोंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “चेहरा होता का?”

“मी पाहिलं नाही.”

“तुझ्या हातात होतं.”

“तुमच्या घरात ऐंशी वर्षं होतं,” मी म्हटलं.

हे उत्तर मी आजही परत घेत नाही, पण त्याचा अभिमानही धरत नाही. ते उठले. पेन्सिली गोळा करून कोटाच्या खिशात घातल्या. समोर एक जोडपं फाईल घेऊन त्यांची वाट बघत होतं. त्यांच्याकडे न बघता ते जिना उतरले. त्या दुपारी ते हॉस्पिटलच्या मागच्या आवारात जाऊन कचरा कुठे नेतात ते विचारून आले, असं तिथल्या एका पोर्टरकडून मला नंतर कळलं. जाळतात, असं त्याने सांगितलं होतं.

बुधवारचं टेबल आता दुसऱ्या एका बाई सांभाळतात. त्या सगळ्यांना गोड बातम्याच देतात.

एस्पोसितोंना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, इटालियन चर्चच्या हॉलमध्ये. रविवारी प्रार्थनेनंतर तिथे म्हातारी मंडळी जेवायला बसतात, आणि आमची लायब्ररी तिथे पुस्तकांची पेटी पोचवते. मी पेटी दारात ठेवत होते. ते एका टेबलापाशी उभे होते, हातात उघडी वही. समोर बसलेली थोराड म्हातारी कार्मेलांबरोबर लाँड्रीत होती. अंत्यविधीला सगळ्यांत मोठ्याने रडली होती ती हीच.

“चेहरा?” ती म्हणत होती. दोघंही इंग्लिशमध्येच बोलत होते. टेबलावरच्या सुना-नातवंडांना इटालियन येत नसावं. “हो, होता की. डोळे खाली झुकलेले.”

“पलीकडच्या टेबलावरची मारिया म्हणते, पाय होते आणि साप होता.”

“मग पाय असतील.”

“नीट आठव. वीस वर्षं तू तिच्या शेजारी उभी राहून इस्त्री केलीस.”

म्हातारीने पाव रश्श्यात बुडवला, खाल्ला, बोटं पुसली. घाई कशाचीच नव्हती. “तुला कोणतं हवंय, राफाएले? चेहरा असेल तर तू तिला फुकट मारलंस. पाय असतील तर फुकट नाही. सांग, मी तेच म्हणते. लिहून घे.”

“जे होतं ते हवंय.”

“ते तर तू कचऱ्यात टाकायला लावलंस.”

टेबल हसलं. कुणीच त्यांना खुर्ची दिली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. वहीच्या पानावर त्यांनी दोन रकाने पाडले होते. दारातूनही दिसत होतं की दोन्हींत जवळजवळ सारख्याच खुणा होत्या. त्यांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, एका रकान्यावर नेलं, मग दुसऱ्यावर, आणि काहीच न लिहिता पुढच्या टेबलाकडे गेले.

“माफ करा,” तिथल्या माणसांना ते म्हणाले, “तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत होता ना?”